छातीतला कफ सुटावा म्हणून घरी नेमके काय करावे? (ब्राँकिएक्टेसिस, वय 68)

निफाडची सून (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. माझे सासरे, ज्यांना आम्ही घरात अण्णा म्हणतो, 68 वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यातील आमच्या गावी त्यांनी आयुष्यभर द्राक्षबाग आणि कांदा सांभाळला. तरुणपणी त्यांना क्षयरोग झाला होता आणि त्याचे औषधोपचार त्यांनी पूर्ण केले होते. गेली काही वर्षे सकाळी उठल्याबरोबर खोकल्याची मोठी उबळ येते, घट्ट पिवळसर बेडके पडतात आणि हिवाळ्यात निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरला की हा त्रास फारच वाढतो. यंदा न्यूमोनिया झाल्यामुळे त्यांना नाशिकला आणून दाखल करावे लागले. त्या वेळी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील श्वासनलिका कायमच्या रुंदावल्याचे, म्हणजे ब्राँकिएक्टेसिस असल्याचे दिसले. थुंकीच्या तपासणीत क्षयरोगाचे जंतू सापडले नाहीत.

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितले की यापुढे औषधांइतकेच महत्त्व छातीच्या फिजिओथेरपीला आहे. परंतु प्रत्यक्षात आमच्या हाती आले ते तीन चेंडूंचे फुंकण्याचे यंत्र आणि ‘पाठीवर थापा मारत जा’ एवढाच सल्ला. अण्णा ते यंत्र जोरजोरात फुंकतात, चेंडू काही वर जात नाहीत आणि ते वैतागून यंत्र बाजूला ठेवतात. एका परिचितांच्या सांगण्यावरून आम्ही खाटेच्या पायथ्याखाली विटा ठेवून त्यांना पालथे झोपवले, तेव्हा त्यांच्या घशाशी आम्लपित्त आले आणि दमही लागला. अँजिओप्लास्टी झालेली असल्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे, त्यामुळे पाठीवर किती जोराने मारावे याचीही मला धास्ती वाटते.

थापा माराव्यात की नाही, त्या तीन चेंडूंच्या यंत्राचा उपयोग काय, नेब्युलायझर व्यायामाच्या आधी घ्यावा की नंतर, आणि हे सारे दिवसातून किती वेळा करावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे. औषधे बदलण्याविषयी मी विचारत नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत.

---

श्वसन फिजिओ (गंगापूर रोड)

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये जुन्या क्षयरोगानंतर श्वासनलिका रुंदावलेले पुष्कळ जण असतात. अण्णांची छाती मी स्टेथोस्कोपने ऐकलेली नाही, म्हणून येथे जे लिहीत आहे ते समजून घेण्यासाठी आहे. एकदा तरी त्यांना प्रत्यक्ष दाखवावे आणि तंत्र समोर बसून शिकून घ्यावे. नाशिकमध्ये फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत, त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात हे शिकवले जाते. खासगी ठिकाणी जाणार असाल तर ती व्यक्ती राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, हे जरूर विचारावे, आणि गुडघे-कंबरेखेरीज छातीचे काम ती करते का, हेही विचारावे.

आता मूळ मुद्दा. निरोगी माणसाच्या श्वासनलिकांमध्येही रोज कफ तयार होतो. नलिकांच्या अस्तरावरील सूक्ष्म केस तो सतत घशाकडे ढकलत असतात आणि आपण तो नकळत गिळून टाकतो. अण्णांच्या डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात नलिका रुंदावल्या आहेत आणि तेथील हे केस निकामी झाले आहेत, त्यामुळे कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे नलिकेचे आणखी नुकसान होऊन पुन्हा जास्त कफ साचतो. हे चक्र तोडायचे तर साचलेला कफ रोज बाहेर काढणे हाच मार्ग आहे. बरे वाटत असतानाही तो काढावा लागतो. बहुतेक घरांमध्ये येथेच घोडे अडते, कारण खोकला कमी झाला की व्यायाम बंद होतो.

कफ बाहेर ढकलण्याचे काम शेवटी हवेचा झोत करतो. तो झोत रुग्णाने स्वतःच्या श्वासाने निर्माण करायचा असतो. थापा, खाटेचा उतार आणि यंत्रे ही त्याला मदत करणारी साधने आहेत. अण्णा शुद्धीवर आहेत, सांगितलेले समजून करू शकतात, म्हणून त्यांच्यासाठी मी सर्वप्रथम श्वासाचे सक्रिय चक्र शिकवेन. त्यातील जोराने श्वास सोडण्याचा भाग 1968 च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये मांडला गेला आणि पुढे लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात त्याला आजचे रूप मिळाले.

हे चक्र असे असते. प्रथम खांदे सैल सोडून, एक हात पोटावर ठेवून, अगदी शांत नेहमीचा श्वास घ्यावा आणि छाती निवळेपर्यंत तसाच चालू ठेवावा. त्यानंतर नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, बरगड्या बाजूंना फुलू द्याव्यात, सुमारे तीन सेकंद श्वास रोखावा आणि जोर न लावता सोडून द्यावा. असे तीन-चार वेळा करावे. श्वास रोखण्याला विशेष अर्थ आहे. शेजारच्या वायुकोशांना जोडणारी सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांमधून हवा हळूहळू अडलेल्या कफाच्या मागे पोहोचते, आणि मागे हवा असल्याशिवाय कफ पुढे सरकत नाही. मग पुन्हा शांत श्वास, आणि त्यानंतर ‘हफ’.

हफ म्हणजे खोकला नव्हे. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी आपण तोंड उघडे ठेवून तिच्यावर ‘हाऽ’ करून वाफ धरतो, तसाच हा श्वास असतो, मात्र पोटाचे स्नायू आवळून थोडा अधिक जोर लावायचा. घसा उघडा राहिला पाहिजे. घशातून घासल्यासारखा आवाज येत असेल तर पद्धत चुकते आहे. जोराने श्वास सोडताना छातीतील, नलिकेबाहेरचा दाब एका ठिकाणी नलिकेच्या आतील दाबाइतका होतो, त्या ठिकाणापासून तोंडाच्या दिशेने नलिका किंचित आवळली जाते आणि अरुंद जागेतून हवा वेगाने जाऊन कफ सोबत नेते. मध्यम श्वास घेऊन लांबवर सोडलेल्या हफमध्ये हे ठिकाण खोलवरच्या बारीक नलिकांकडे सरकते, तर पूर्ण श्वास घेऊन केलेल्या आखूड, जोरकस हफमध्ये ते मोठ्या नलिकांकडे असते. म्हणून आधी लांब मध्यम हफ आणि कफ वर आल्याचे जाणवल्यावर आखूड हफ किंवा एखादा खोकला, असा क्रम असतो. एका वेळी एक-दोनच हफ करावेत आणि लगेच शांत श्वासावर यावे. हा विश्रांतीचा भाग गाळला की दम लागतो आणि नलिका आवळतात. लागोपाठच्या दोन चक्रांत हफचा आवाज कोरडा आला आणि काही सुटले नाही, की त्या वेळचे काम झाले. साधारणपणे याला दहा ते तीस मिनिटे लागतात. त्यापुढे ताणू नये, कारण थकलेल्या माणसाच्या हफमध्ये जोर राहत नाही.

स्थितीविषयी. खालच्या भागातील कफ उताराने यावा म्हणून खाटेचा पायथा सुमारे 45 सेंटिमीटर उचलण्याची जुनी पद्धत आहे. झोपण्याच्या स्थितीचा असा उपयोग 1901 मध्ये विल्यम एवर्ट यांनी ब्राँकिएक्टेसिससाठीच मांडला होता. परंतु ज्यांना आम्लपित्त वर येते, हृदयविकार आहे, रक्तदाब नियंत्रणात नाही किंवा दम लागतो, त्यांनी डोके खाली करू नये. अण्णांच्या बाबतीत विटा आजच काढून टाकाव्यात. सपाट गादीवर उजव्या कुशीवर, म्हणजे आजारी डावी बाजू वर ठेवून, डोक्याखाली उशी घेऊन हेच चक्र करता येईल. जमल्यास काही वेळ त्याच कुशीवरून थोडे पालथ्याकडे झुकावे. तेवढ्यानेही दम लागत असेल तर खुर्चीत बसून करावे. बसून नीट केलेले चक्र हे उलटे झोपवून धापा टाकत केलेल्या प्रयत्नापेक्षा केव्हाही अधिक उपयोगाचे असते.

थापांविषयी आपली धास्ती योग्य आहे. लहान मुले, बेशुद्ध किंवा अतिशय अशक्त रुग्ण यांना स्वतः श्वासाचे तंत्र करता येत नाही, तेथे थापांना अर्थ आहे. जो माणूस स्वतः चक्र करू शकतो त्याला थापांमुळे फारसा जास्तीचा लाभ होतो असे दिसत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ठिसूळ हाडे, बरगडीची इजा किंवा थुंकीत रक्त असताना तर त्या टाळाव्यात. अण्णांना मी थापा सांगणार नाही.

तीन चेंडूंचे यंत्र फुंकण्यासाठी नसते, त्यातून हवा आत ओढायची असते. चेंडू वर न जाण्याचे कारण तेच आहे. त्या कप्प्यांवरील 600, 900 आणि 1200 हे आकडे दर सेकंदाला किती मिलिलिटर वेगाने हवा आत ओढली जाते ते दाखवतात. पोटाच्या किंवा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर मिटलेले फुप्फुस पुन्हा फुलवण्यासाठी ते देतात. कफ काढणे हे त्याचे काम नाही. घरात आहेच तर खोल श्वासाच्या सरावासाठी सावकाश वापरावे, मात्र तेवढ्यावर समाधान मानू नये.

क्रमाविषयी: श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध आधी, नंतर साधारण पंधरा मिनिटांनी सलाइनचा नेब्युलायझर, जर डॉक्टरांनी दिला असेल तर, मग श्वासाचे चक्र, आणि स्टेरॉइडचा पंप किंवा नेब्युलायझरमधील प्रतिजैविक सर्वांत शेवटी. कफाच्या थरावर औषध फवारण्यात अर्थ नसतो, म्हणून हा क्रम. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरावी. 3 किंवा 7 टक्के क्षाराचे सलाइन सुचवले गेले तर पहिली मात्रा दवाखान्यातच घ्यावी, कारण काहींच्या नलिका त्याने आवळतात. वेळ म्हणाल तर सकाळी न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी; जेवण झालेले असल्यास दीड-दोन तास थांबावे.

---

पंचवटीकर

वरील माहिती शास्त्रीय असली तरी आपल्याकडे याहून सोपे उपाय आहेत, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. रोज पहाटे कपालभाती, दिवसातून दोनदा निलगिरीची वाफ आणि फुगे फुगवणे, यांनी माझ्या मेहुण्यांचा दमा बराच आटोक्यात आला. शिवाय अण्णांना काही महिने देवळालीला ठेवता आले तर पाहावे. आमच्या आजोबांच्या पिढीत छातीच्या रोग्यांना तेथील आरोग्यधामांमध्ये पाठवत असत, ते उगाच नव्हे.

---

जुना खोकला (सातपूर)

पंचवटीकरांचा हेतू चांगला आहे, परंतु दमा आणि ब्राँकिएक्टेसिस हे दोन भिन्न आजार आहेत आणि मी दुसऱ्याचा जुना धनी आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कपालभातीत लहान-लहान झटक्यांनी भराभर श्वास सोडला जातो. हफमध्ये श्वास मोजून घेतलेला असतो, तो एकदाच लांबवर सोडायचा असतो आणि लगेच विश्रांती असते. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात आणि त्यामुळेच गल्लत होते. ज्यांच्या नलिका सैल झाल्या आहेत त्यांच्यात भराभर जोर लावल्याने त्या मिटतात आणि हवा आत अडकते. मला तरी त्याने चक्कर येत असे. अनुलोम-विलोम शांतपणे केल्यास हरकत नाही, फक्त श्वास ताणून रोखू नये. वाफेने घसा आणि नाक मोकळे वाटते, पण फुप्फुसाच्या तळाशी साचलेला कफ तिने निघत नाही, आणि वयस्कर माणसांच्या मांडीवर उकळते पातेले कलंडण्याची भीती असते ती वेगळीच. फुगे तर माझ्या फिजिओताईंनी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितले.

राहिली देवळाली. क्षयावर औषध नव्हते त्या काळात कोरडी मोकळी हवा, विश्रांती आणि चांगला आहार याखेरीज वैद्यांच्या हाती काही नव्हते. क्षयाचा जंतू 1882 मध्ये सापडला, पण त्यावर चालणारे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 मध्ये मिळाले. मधल्या साठ वर्षांची गरज म्हणून ती आरोग्यधामे उभी राहिली. धूळ-धूर कमी असलेल्या जागी राहणे आजही चांगलेच आहे, मात्र रुंदावलेल्या नलिकेतला कफ हवापालटाने बाहेर येत नाही. तो काढावाच लागतो, मग माणूस देवळालीला असो की सातपूरला.

आता सूनबाईंसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. श्वासाचे चक्र मी करतोच, पण त्यासोबत कंप निर्माण करणारे फुंकण्याचे साधन वापरतो. यात खरोखर फुंकायचे असते. श्वास सोडताना थोडा अडथळा येतो, त्यामुळे नलिका उघड्या राहतात आणि हवेच्या थरथरीने कफ भिंतीपासून सुटतो. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. फ्लटर नावाच्या साधनात पोलादी गोळी असते, ती गुरुत्वाकर्षणावर चालते, म्हणून ते ठरावीक कोनात धरूनच वापरावे लागते. अकॅपेला प्रकारात चुंबक असतो, त्यामुळे तो झोपूनही वापरता येतो. त्यात हिरवा आणि निळा असे दोन रंग असतात, ज्यांचा श्वास सोडण्याचा वेग कमी आहे त्यांच्यासाठी निळा असतो. अण्णांसाठी कोणता, हे फुंकायला लावूनच ठरते, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये. माझे मत विचाराल तर साधन आधी घेण्याची घाई करू नये. ज्याला हफ येत नाही त्याला कोणतेही साधन उपयोगी पडत नाही, कारण सुटलेला कफ वर आणायला शेवटी हफच लागतो.

थुंकीचा रंग आणि प्रमाण यांवर लक्ष ठेवावे. पांढऱ्या तळाच्या, झाकण असलेल्या भांड्यात थुंकावे आणि नेहमीपेक्षा रंग गडद झाला, प्रमाण वाढले, ताप किंवा धाप वाढली तर वाट पाहू नये. डॉक्टर नवे प्रतिजैविक सुरू करणार असतील तर पहिली गोळी घेण्यापूर्वी थुंकी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, देता येईल का, हे विचारावे. अशा दिवसांत व्यायामाच्या वेळा कमी न करता वाढवायच्या असतात. दरवर्षीची फ्लूची लस आणि न्यूमोनियाची लस यांविषयीही विचारून घ्यावे.

शेवटचे, जे कोणी सांगत नाही. आपल्या घरांमध्ये बेडका काढण्याचा आवाज इतरांना किळसवाणा वाटतो आणि ते रुग्णाला कळते. मग तो खोकला दाबतो, पाहुणे असले की व्यायाम टाळतो, किंवा दुकानातून खोकला थांबवणारे औषध आणून घेतो. ब्राँकिएक्टेसिसमध्ये खोकला दाबणारे औषध डॉक्टरांना न विचारता घेणे फार वाईट. अण्णांना दार लावून बसता येईल अशी एक खोली आणि ठरलेली वेळ द्या. तेवढ्या वेळात त्यांना कोणी हाक मारू नये.

---

पिंपळगावचा बागायतदार

विषय थोडा बाजूचा असला तरी द्राक्षांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू होतात, गंधकाची भुकटी उडते आणि कांद्याच्या चाळीत पाकळ्यांची धूळ असते. अण्णांनी या काळात बागेत जाऊ नये हे उत्तम. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारणाऱ्या पोर्तुगालमधील द्राक्षमजुरांच्या फुप्फुसांत एक वेगळाच आजार आढळल्याचे 1969 मध्ये प्रसिद्ध झाले होते. आमच्याकडे आजही निम्मे लोक तोंडाला उपरणे बांधून फवारतात.

---

श्वसन फिजिओ

बागायतदारांची नोंद योग्य आहे, परंतु गोंधळ नको म्हणून सांगते: तो आजार फुप्फुसाच्या ऊतीचा आहे. अण्णांच्या नलिकांचा आजार जुन्या क्षयरोगामागून आलेला दिसतो. धूळ आणि फवारणी मात्र दोन्हींमध्ये टाळायची.

---

मखमलाबादची लेक

हा धागा वाचून धीर आला, म्हणून एक प्रश्न विचारते, जो आईला दवाखान्यात विचारवत नाही. तिलाही हाच आजार आहे. हफ करताना किंवा खोकताना तिला थोडी लघवी होते, आणि त्यामुळे तिने व्यायामच सोडून दिला आहे. यावर काही करता येते का?

---

श्वसन फिजिओ

हा प्रश्न आपण विचारलात हे फार बरे झाले. दीर्घकाळ खोकला असलेल्या स्त्रियांमध्ये ही तक्रार सर्रास आढळते, आणि आम्ही विचारल्याशिवाय त्या सांगत नाहीत. प्रत्येक खोकल्याबरोबर पोटातील दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर पडतो आणि वर्षानुवर्षांच्या खोकल्याने ते स्नायू सैल होतात. हफ किंवा खोकला येण्याच्या अगदी आधी लघवी रोखून धरतो तसे ते स्नायू वर ओढून आवळावेत आणि हफ संपेपर्यंत सोडू नयेत. बसताना कंबर ताठ, पाय जमिनीवर टेकलेले असावेत. पोक काढून खोकल्याने गळती वाढते. याशिवाय त्या स्नायूंचे वेगळे व्यायाम असतात आणि ते नेमाने काही महिने केल्यास चांगला फरक पडतो. आईंचा व्यायाम सुटू देऊ नये, कारण कफ साचला की खोकला वाढतो आणि गळतीही वाढते. स्त्री फिजिओथेरपिस्टकडे एकदा जाऊन यावे.

---

देवळालीवासी

मी सीओपीडीचा, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या दीर्घ आजाराचा, रुग्ण आहे. माझ्या आजारात कफ कमी आणि धाप अधिक आहे. येथे आतापर्यंत कफाविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु अण्णांना दमही लागतो असे सूनबाईंनी लिहिले आहे, त्याकडे कोणी वळले नाही.

धाप लागते म्हणून माणूस चालणे कमी करतो, चालणे कमी झाल्याने मांड्या आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात, आणि क्षीण स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त प्राणवायू लागत असल्यामुळे धाप आणखी लवकर लागते. फुप्फुस तेवढेच राहूनही माणूस अधिकाधिक आजारी होत जातो. यावर श्वसन पुनर्वसन नावाचा कार्यक्रम असतो. त्यात साधारण सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा, देखरेखीखाली चालणे आणि पाय-हातांच्या बळाचे व्यायाम करून घेतात. सुरुवातीला सहा मिनिटांत 30 मीटरच्या सरळ मार्गावर ये-जा करून किती अंतर चालता येते ते मोजतात, त्या वेळी बोटाला ऑक्सिमीटर लावलेला असतो. शेवटी तीच चाचणी पुन्हा घेतात. साधारण 30 मीटरची वाढ झाली तर रोजच्या जीवनात जाणवण्याइतका फरक पडला असे मानतात. माझ्या बाबतीत यंत्रावरील फुप्फुसांचे आकडे जवळपास तसेच राहिले, परंतु जिना चढताना मध्ये उभे राहण्याची वेळ येणे बंद झाले.

चालताना नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून दुप्पट वेळ लावून सोडावा. यामुळे नलिका श्वास सोडताना लवकर मिटत नाहीत. जोर लागणारी प्रत्येक क्रिया, उदाहरणार्थ वाकून बादली उचलणे, श्वास सोडताना करावी. धाप लागली तर भिंतीला किंवा कठड्याला कोपर टेकवून किंचित पुढे झुकून उभे राहावे. चालण्याचा वेग असा असावा की एक वाक्य पूर्ण बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. गोल्फ क्लब मैदानावरील जॉगिंग ट्रॅक सपाट आहे, तो पुरे. उत्साहाच्या भरात पांडवलेणीच्या पायऱ्या चढवू नयेत. हिवाळ्यात पहाटे न जाता ऊन पडल्यावर जावे, कारण गारठा आणि शेकोट्यांचा धूर दोन्ही सकाळी लवकर जमिनीलगत असतात.

अण्णांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, म्हणून हे सुरू करण्यापूर्वी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्यावी.

---

निफाडची सून

सर्वांचे मनापासून आभार. विटा काढल्या आहेत आणि अण्णांना हफ शिकवण्यासाठी महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नेऊन आणले. तेथील ताईंनी बसून आणि उजव्या कुशीवर, अशा दोन्ही प्रकारे करून घेतले. पहिल्या वेळी ते संकोचले, पण खोकल्याची उबळ न येता बेडका सुटला तेव्हा त्यांनी स्वतःहून पुन्हा करून पाहिले. त्यांना आता निळ्या रंगाचे कंप देणारे साधन सुचवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. नेब्युलायझर आणि हे साधन कसे स्वच्छ करावे? आणि थुंकीत रक्ताची रेघ दिसली तर त्या दिवशी व्यायाम करावा का? मागे एकदा तसे झाले होते.

---

श्वसन फिजिओ

रक्ताचे आधी सांगते. किंचित रेघ असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, विशेषतः अण्णांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यामुळे. मात्र ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. डॉक्टर सांगेपर्यंत कंप देणारे साधन, क्षाराचे सलाइन आणि जोरकस हफ थांबवावेत, शांत श्वास चालू ठेवण्यास हरकत नाही. रेघेऐवजी ताजे लाल रक्त घोटभर किंवा त्याहून जास्त पडले तर ते आणीबाणीचे लक्षण आहे. लगेच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि अण्णांना डाव्या कुशीवर, म्हणजे आजारी बाजू खाली ठेवून झोपवावे, जेणेकरून रक्त चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही. व्यायामाच्या वेळी जी बाजू वर ठेवतो, तीच येथे खाली जाते. हे घरातील सर्वांना सांगून ठेवा, कारण घाईत उजवी-डावीची हमखास गल्लत होते.

स्वच्छतेविषयी: प्रत्येक वापरानंतर नेब्युलायझरचा कप, तोंडात धरायचा भाग आणि कंप देणाऱ्या साधनाचे सुटे होणारे भाग कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या साबणाने धुवावेत, झटकून स्वच्छ कापडावर हवेत पूर्ण कोरडे होऊ द्यावेत आणि मगच डब्यात ठेवावेत. ओलसर भागांमध्ये स्युडोमोनास जातीचे जंतू वाढतात आणि अण्णांच्या नलिकांमध्ये ते एकदा ठाण मांडून बसले की हटवणे अवघड असते. निर्जंतुक करण्यासाठी उकळावे की नाही, हे साधनासोबतच्या पत्रकात पाहावे, कारण काही भाग उष्णतेने वाकतात. नेब्युलायझरमध्ये नळाचे किंवा घरी मीठ घालून केलेले पाणी कधीही वापरू नये, औषधाच्या दुकानातील निर्जंतुक सलाइनच घ्यावे आणि फोडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. कंप्रेसरची गाळणी मात्र धुण्याची नसते. ती काळवंडली की बदलावी, आणि धुळीच्या भागात राहणाऱ्यांना ती इतरांपेक्षा लवकर बदलावी लागते.